आजोळचं रक्त

नांदेडच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. सरकारचा कारभार उर्दूत, म्हणून अर्जही उर्दूत असतो. पहिल्या ओळीत अर्जदाराचं नाव, मग 'वल्द' लिहून बापाचं नाव, मग गाव. आईचं नाव त्यात कुठेच येत नाही आणि इतकी वर्षं मला त्यात काही खटकलंही नव्हतं. हे लिखाण मी मराठीत करतो आहे. ते आईच्या बाजूने आलेल्या एका दुखण्याविषयी आहे.

दुखण्याचं नाव हिमोफिलिया. अंगातलं रक्त गोठायला हवं तसं गोठत नाही, एवढंच त्याचं सोपं वर्णन. त्यापलीकडची वैद्यकी मला येत नाही. पण एखाद्या घरी असं मूल असेल, ज्याचा गुडघा साध्या धक्क्याने सुजतो, ज्याचा दात पडला की उशी लाल होते, तर त्या घरच्यांना हे वाचून इतकं तरी कळावं की हे कोणाच्या पापाचं फळ नाही. मला स्वतःला ते पूर्ण पटलं आहे असं मी म्हणणार नाही. पटवून घेतो आहे.

कच्चं रक्त

माझं रक्त 'कच्चं' आहे असं लहानपणी घरात म्हणत. हा शब्द आमच्या गल्लीतल्या हकीमसाहेबांचा. दुधाचा पहिला दात पडला आणि तोंडातलं रक्त थांबेना, तेव्हा आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी नाडी पाहिली, तुरटीच्या चुळा सांगितल्या आणि म्हणाले, "बच्चे का खून कच्चा है, अम्मा. पकते पकते पकेगा." मोठा झाल्यावर रक्त पिकेल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो.

त्यानंतर गोदावरीच्या घाटावर पाय घसरून मी गुडघ्यावर आपटलो. खरचटलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत गुडघा इतका सुजला की कातडी चकाकायला लागली. वडील म्हणाले, वात आहे. माझ्या आजोबांना वात होता, म्हणून मलाही वातच असणार, असा हिशेब. मग तेल लावून चोळणं झालं, बिब्ब्याचे चटके झाले. जितकं चोळावं तितका गुडघा वाढे. शेवटी एका वैद्यांनी दूषित रक्त काढायला जळवा लावल्या. जळू पोट भरल्यावर गळून पडली, पण तिने तोंड लावलेल्या जागेतून रक्त वाहतच राहिलं. आई फडकं दाबून बसून होती. वडिलांसमोर ती कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी म्हणाली, "याच्या रक्ताला आता कुणी हात लावायचा न्हाई."

रक्त आतल्या आत, सांध्यातही वाहू शकतं हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. बाहेर थेंब दिसत नाही, तर ते रक्त कसं असेल? तो गुडघा पुन्हा पुन्हा सुजत गेला आणि डावा पाय कायमचा थोडा वाकला. मदरशातली, म्हणजे आमच्या उर्दू शाळेतली, मुलं मला काचेचा गडू म्हणत. बसून करता येईल असं काम म्हणून मी अर्जनवीस झालो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे कान टोचलेले नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांचे कान टोचलेले होते. माझी आई रेणापूरची. तिच्या माहेरी मुलाचे कान टोचत नाहीत, देवीला चालत नाही, असं ती सांगे. आजोबांनी तिची थट्टा केली होती. "सूनबाई, तुमच्या देवीचं सोनाराशी वैर हाय का?" आईने मान खाली घातली, पण मला सोनारापुढे बसू दिलं नाही.

मोठेपणी मला या गोष्टीची लाज वाटू लागली. मला दोन मुलगे झाले तेव्हा मी आईला न जुमानता दोघांचे कान टोचले. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती. मुलांना काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी खपलीसुद्धा धरली. "बघ तुझी देवी," मी आईला म्हणालो. 

दात

वेणू, माझी एकुलती मुलगी, लातूरला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली त्याच सुमारास माझी दाढ ठणकायला लागली. गावातल्या वजिराबादेत दात काढणारा एक जण बसत असे, त्याच्याकडून काढून घेतली. त्याने कापूस कोंबला आणि सांगितलं, रात्रीत थांबेल. सकाळी रक्त तसंच होतं. दुसऱ्या सकाळीही. मग मला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

वेदना फारशी नसते, हे या दुखण्यातलं विचित्र आहे. तुम्ही पलंगावर पडून असता आणि तुमच्यातून काहीतरी हळूहळू निघून जात असतं. गिळलेलं रक्त काळं होऊन उलटीतून येतं. उठून बसलं की भिंती सरकतात. सकाळी फिनेलचा वास आला की कळायचं फरशी पुसून झाली, आता डॉक्टर येतील. नंतर नर्सबाई कापसाचा बोळा बदलायच्या. जुना बोळा त्या पटकन तसराळ्यात टाकायच्या, मला दिसू नये म्हणून. तेवढ्यावरूनच मी ओळखायचो की रक्त थांबलेलं नाही.

तोंड उघडायची मनाई होती. माझी बायको सुभद्रा पलंगाशेजारी खाली बसून कापूस वळत असे. एकदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी बोलून राहिले अन् तुम्ही ऐकून राहिले." शेजारच्या पलंगावर भोकरकडचे एक शेतकरी होते, बैलाने पाडल्यामुळे हात मोडलेले. त्यांना कळलं की मी अर्ज लिहितो. ते म्हणाले, "मुन्शीजी, माझंबी एक काम हाय. पर तुमी तोंड उघडू नका. हाव असंल तर डोळं मिटा, न्हाई असंल तर उघडं ठिवा." मी डोळे मिटून हसलो. हसण्याचीही मनाई होती. मी झोपलेला असताना माझ्या उशीकडे लक्ष ठेवणारे आणि ती लाल झाली की एका हाताने पलंगाची पट्टी वाजवून नर्सबाईंना बोलावणारे तेच होते. त्यांचं काम कोणतं होतं ते मी पुढे विचारलं आणि केलं.

डॉक्टरसाहेब हैदराबादेत शिकून आलेले, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी माझे गुडघे पाहिले, कोपर पाहिलं, लहानपणचं विचारलं. सुभद्रेने उत्तरं दिली, मी डोळ्यांनी होकार दिले. शेवटी ते म्हणाले, ताजं रक्त द्यावं लागेल, घरचं कोणी देईल का. माझा थोरला मुकुंद पुढे आला. सुभद्रा दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"एकाचं वाचवाया दुसऱ्याचं काढता का, डॉक्टरसाहेब?"

मुकुंद म्हणाला, "आई, अण्णांचंच तर हाय ते. थोडं परत देऊन राहिलो."

काचेच्या पट्टीवर आमच्या दोघांच्या रक्ताचे थेंब कालवून पाहिले. ते जमलं. दुपारी मुकुंदचं रक्त माझ्या हातात शिरत होतं आणि तो शेजारी बाकावर पांढरा पडून आडवा होता. त्याच्या कपाळावर हात ठेवायची मला इच्छा झाली, पण हात बांधलेला होता. दिवस मावळायच्या आत तोंडातला पाझर मंदावला. सकाळी नर्सबाईंनी बोळा मला दाखवून टाकला.

मामा किती

त्याच दिवशी डॉक्टरसाहेब माझ्या पलंगावर येऊन बसले. डॉक्टर पलंगावर बसला म्हणजे काहीतरी मोठं असतं, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. भोकरच्या पाहुण्यांनी तोंड फिरवून घेतलं.

"मुन्शीजी, आपके खानदान में और किसको ऐसा था?"

मी वडिलांकडच्या पिढ्या सांगू लागलो. श्राद्धात म्हणून म्हणून त्या मला पाठ आहेत. डॉक्टरांनी मला अडवलं आणि म्हणाले, "बाप-दादा का नक्को. मामू कितने थे?"

मला सांगता येईना. एक मामा मी पाहिलेला होता. त्याच्या आधीचे की नंतरचे कोणी लहानपणी गेले असं ऐकलं होतं. पण लहान मुलाला पिंड देत नाहीत, आणि ज्याला पिंड नाही त्याचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही. आजोळची माझी माहिती तिथेच संपली.

मग त्यांनी मला समजावलं. हे दुखणं दिसतं पुरुषात आणि चालतं बाईतून. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण तिच्या मुलाला ते येऊ शकतं. ज्याला हे आहे त्याच्या मुलग्यांना मात्र ते बापाकडून येत नाही. "आपके बेटे का खून पक्का है. उसके बच्चों का भी पक्का." मला रडू आलं. लपवून ठेवण्यासारखं ते रडू नव्हतं. माझ्या दोन्ही मुलांचे कान मी टोचले होते आणि त्यांना काही झालं नव्हतं, त्याचं कारण मला त्या क्षणी समजलं. देवी खोटी ठरली म्हणून ते वाचले नव्हते. ते माझे मुलगे होते म्हणून वाचले होते.

डॉक्टर माझं रडणं संपेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी विचारलं, "बेटी है आपको?"

मी होय म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं. ज्याला हे दुखणं आहे त्याची प्रत्येक मुलगी ते घेऊनच जन्मते. ती धडधाकट असते. तिचा प्रत्येक मुलगा म्हणजे नाणं उडवणं, चित किंवा पट. "इसमें आपका कोई कसूर नहीं," ते म्हणाले. मी हे वाक्य त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. अजूनही गरज पडते तेव्हा आठवतो.

वेणू त्याच वेळी घरून माझ्यासाठी पेजेचा डबा घेऊन वॉर्डाच्या दारात आली. पोटावर पदर ओढून, हळूहळू चालत.

आई

घरी आल्यावर मी आईला मामांविषयी विचारलं. ती जात्याजवळ बसली होती. तिने जात्याचा खुंटा सोडला. मग म्हणाली, "माझ्या पाठचा भाऊ. बारशाला सोनारानं कान टोचले. थेंब थेंब गळत राहिलं. हळद भरली, राख भरली, कोळ्याचं जाळं लावलं. पाळण्यात निजला तो उठलाच न्हाई. त्याच्याबी आधी माझ्या मायचा एक भाऊ तसाच गेलता. मग माझ्या मायनं ठरवलं, पोराचे कान टोचायचेच न्हाईत. मला सासरी धाडताना तिनं सांगितलं, रक्ताचं नाव घेऊ नको, देवीचं घे. देवीचं नाव घेतलं की पुरुष माणसं मागं सरतात. रक्ताचं घेतलं तर तुला माघारी धाडतील."

म्हणजे ती रीत देवीची नव्हतीच. बायकांनी ती लेकीबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात नेली होती, आणि मी शिकलेला म्हणून तिची थट्टा केली होती. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर वेणूचं पोट होतं. मी आईला म्हणालो, "ठाऊक होतं तर लग्नच करायचं नव्हतंस."

आई माझ्याकडे पाहत राहिली. "आन मग तू कुठून आला असतास?"

लग्नच करायचं नव्हतंस, हे मी तिला बोलायला नको होतं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणते. मी घेतलं आहे.

"वेणूला सांगितलं होतंस का?" मी विचारलं.

"काय सांगू? तूच तुझ्या पोरांचे कान टोचून मला खोटं पाडलंस की. ती म्हणली असती, आजीला खूळ लागलंय."

सुभद्रा म्हणाली, बाळंतपण होईपर्यंत पोरीला काही सांगू नका, तिचं काळीज हललं तर बाळाचं हलेल. मला ते बरं वाटलं. न सांगण्याचं कारण कोणीतरी आयतं दिलं की मला नेहमीच बरं वाटतं. बाळंतपण झालं, मुलगा झाला. डॉक्टरसाहेब घरी येऊन नाळ पाहून गेले. रक्त नव्हतं. त्यावरून काही ठरत नाही, असं ते म्हणाले. मुलगी झाली असती तर निदान एक पिढी उसंत मिळाली असती, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. असा विचार आमच्या मुलखात कोणी बोलून दाखवत नाही. वेणूला मी तरीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत बारसं आलं.

बारसं

विहीणबाई जावयांबरोबर लातूरहून आल्या. परळीची गाडी, पुढे परभणी, मग नांदेड, असा सगळा प्रवास करून आल्या तरी त्यांचा आवाज ताजा होता. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, त्यांची अडत आहे आणि ती कोण चालवतं हे गंजात सगळ्यांना ठाऊक आहे. मला पाहून म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्याकडं बघून वाटून राहिलंय बाळंतपण तुमचंच झालं." जावई नारायणराव हसले. त्यांनी पिशवीतून सोन्याची बारीक तार काढून सुभद्रेच्या हातात दिली. त्यांच्या घरी आधी कान टोचतात, मग नाव ठेवतात.

आमच्या गल्लीतला सोनार ओसरीवर येऊन बसला. आईने देवीचं सुरू केलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आजीबाई, देवी तुमच्या माहेरची. रेणापूरहून तुमच्यासंगं नांदेडला आली, आता नातीसंगं लातूरला निघाली का? बाईचं गोत्र बदलतं. तुमचं बदललं, हिचं बदललं. पोरगं आमच्या कुळाचं. तुमच्या देवीची भीड आमच्या उंबऱ्याच्या आत कशी येईल?"

बायका हसल्या. त्यांचं म्हणणं रीतीला धरूनच होतं. गोत्र बदललं होतं. रक्त बदललं नव्हतं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्याजवळचं होतं ते ती बोलून चुकली होती.

मी विहीणबाईंना आणि जावयांना वेणूच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. वेणू बाजेवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. हे मी तिला आधी, एकटीला सांगायला हवं होतं. तिने ते सासूबरोबर ऐकलं. मी धोतर वर करून दोन्ही गुडघे दाखवले. "देवीचं काही नाही," मी म्हणालो. "हे माझं आहे. माझ्याकडून वेणूत आलंय, आणि तिच्याकडून बाळात आलं असेल किंवा नसेलही. असेल आणि कान टोचले तर रक्त थांबणार नाही. माझा एक मामा तसाच गेला."

विहीणबाईंनी विचारलं, "लग्नाआधी ठाऊक होतं?"

"नाव ठाऊक नव्हतं. पाय ठाऊक होता. तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हा मी आधीच गादीवर बसून राहिलो होतो. चालताना दिसू नये म्हणून."

"म्हंजे खोटं नाणं दिलंत आम्हाला."

 वेणू बोलली. तिचा चेहरा पांढरा झाला होता, पण आवाज हलला नाही. "आत्याबाई, मी खोटी असंन तर मला इथं ठिवून जा. पण कान टोचायचे असतील तर आधी माझ्या मांडीवरून त्याला उचलावं लागंल."

नारायणरावांनी दार उघडलं. ते बाहेर गेले आणि सोनाराला म्हणाले, "मामा, आज राहू द्या."

विहीणबाई उठल्या. "कान न्हाई तर नाव न्हाई," त्या म्हणाल्या. त्या आणि जावई परत गेले. पाळणा हललाच नाही. गल्लीतल्या बायका घुगऱ्या घेऊन गेल्या आणि जाताना एकमेकींकडे पाहत गेल्या.

नाव नसलेले दिवस

त्या दिवसांविषयी मला फार लिहवत नाही. लातूरहून निरोप नाही. बाळाला नाव नाही, सगळे त्याला बाळच म्हणत. पुरुषाला दुसरी बायको करायला कोणाला विचारावं लागत नाही. अशा टाकलेल्या बायकांच्या अन्नवस्त्राचे अर्ज मी कितीतरी लिहिले आहेत. लिंबाखाली बसून असा एक अर्ज लिहिताना माझा हात थांबला. समोरची बाई म्हणाली, "मुन्शीजी, शाई संपली का?"

वेणू माझ्यावर रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ठाऊक न्हाई. पण सांगायला पायजे होतं." मी होय म्हणालो.

आणि एका सकाळी विहीणबाई एकट्याच टांग्यातून उतरल्या. बरोबर जावई नव्हते, म्हणून सुभद्रेने दाराची चौकट धरली. विहीणबाई पाय धुऊन आत आल्या, वेणूजवळ बसल्या.

"मी आधी दवाखान्यात जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तो डॉक्टर मला सांगून राहिला, पोरीचा दोष न्हाई, बापाचा दोष न्हाई. म्हटलं, दोष विचाराया मी इतक्या लांब आले न्हाई. सांभाळायचं कसं तेवढं सांग. त्यानं सांगितलं. पडू द्यायचं न्हाई, चोळायचं न्हाई, सुया-जळवा न्हाई, सुजलं की गार फडकं आन निजवून ठिवायचं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "व्याहीबुवा, तुमचा राग अजून हाय मला. बसून राहिलात त्याचा. पण नारायणच्या आधी मला एक पोरगा झालता. तो कशानं गेला ते मला आजवर ठाऊक न्हाई. कुणी म्हणलं नजर, कुणी म्हणलं माझं दूध. मीबी ते धरून बसले. तुम्ही उशिरा का हुईना, सांगितलंत तरी."

त्याच दुपारी शेजारच्या चार बायका बोलावून नाव ठेवलं. विठ्ठल. विहीणबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सोन्याची तार गाठ मारून वेणूच्या पदराला बांधली. "कुठंतरी लागावी म्हणून आणलीय," म्हणाल्या.

लातूर

विठ्ठल रांगायला लागला तेव्हा मी लातूरला गेलो. मोटारीच्या धक्क्यांनी माझा गुडघा आधीच कुरकुरत होता. घरात शिरलो तर ओसरीभर गोधड्या अंथरलेल्या. उंबऱ्यालासुद्धा चिंध्यांची गुंडाळी. विठ्ठलच्या दोन्ही गुडघ्यांना कापसाच्या गाद्या शिवलेल्या. शेजारची एक बाई म्हणाली, "लाडानं पोराचा गणपती करून ठिवलाय." विहीणबाई म्हणाल्या, "हाव, आमचा गणपतीच हाय. तुझ्यासारखा दगडाचा न्हाई."

वेणूने त्याला उचललं आणि मला त्याच्या बगलेखाली दाखवलं. उचलताना बोटं लागतात तिथे निळे डाग. गुडघ्याच्या गादीखालीही एक मोठा, पिवळा पडत चाललेला. मला आणखी विचारायची गरज नव्हती. नाणं पडलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

विहीणबाई म्हणाल्या, "रडायचं असंल तर गंजात जाऊन या. इथं लेकरू हसून राहिलंय."

ते खरंच हसत होतं. मी तोंड पुसलं आणि बसलो. वेणू माझ्यासमोर बसली.

"अण्णा, आत काय होतं ते मला सांगा. डॉक्टरनं सूज आल्यावर काय करायचं ते सांगितलं. पण सूज येण्याआधी काही कळतं का? त्याला बोलता येत न्हाई. तुम्हाला येतं."

मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि सूज येण्याआधी कळतं. पुष्कळ आधी कळतं. लहानपणी मी सांगायचो, आता दुखणार आहे, तर वडील म्हणत, गुडघा तर चांगला आहे, शाळा चुकवतोस. म्हणून मी सांगणं सोडलं होतं. मी वेणूला सांगू लागलो. हाडाच्या सांध्यात आधी मुंगी चालल्यासारखं होतं. मग कोमट पाणी आत ओतल्यासारखं. दुखत नाही, पण पाय सरळ करावासा वाटत नाही, कारण वाकवला की आत जरा जागा होते. त्या वेळी चाललं तर संपलं. त्या वेळी निजलं तर पुष्कळ वाचतं.

"कुठं? इथं का?" तिने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"जरा आतल्या अंगाला. वाटीच्या खाली."

ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेलो. कोपराचं कसं, घोट्याचं कसं, रडण्याआधी मूल काय करील. इतकं मी माझ्या पायाविषयी सुभद्रेलाही कधी सांगितलं नव्हतं. विठ्ठल आमच्या मध्ये गोधडीवर रांगत होता. बोलता बोलता वेणूने हात वर करून मला थांबवलं.

विठ्ठल बसला होता. डावा पाय त्याने पोटाशी ओढून घेतला होता. रडत नव्हता. लाकडी घोडा समोर होता, पण त्याच्याकडे जात नव्हता.

"अण्णा, असं का?"

मी वाकून त्याचा गुडघा हातात धरला. सूज नव्हती. तळव्याला तो दुसऱ्या गुडघ्यापेक्षा किंचित गरम लागला.

"हाव," मी म्हणालो. "असंच."

वेणूने त्याला उचललं, बगलेत बोटं न रुतवता, खालून हात घालून, आणि पाय उशीवर ठेवून निजवलं. विहीणबाई तोवर रांजणात फडकं बुडवून आल्या होत्या. सूज आलीच, पण थोडी. मी तिथे असतानाच तो पुन्हा रांगायला लागला. मला लहानपणी एकदा गुडघा सुजला की पुन्हा चालायला महिने लागत असत.